उदाहरणादाखल

१२ जानेवारी

ताई,

परवा विद्यापीठात माझा निरोप समारंभ झाला आणि घरी येऊन मी ओकले. पोट बिघडलेलं नव्हतं. तिथे एक घासही खाल्ला नव्हता मी.

चार वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात ही अशी. पण ‘तुम्ही सगळे कसे आहात’ असं लिहायचं तोंड मला नाही, आणि खोटं गोड बोललेलं तुला कधीच चाललं नाही.

समारंभ आमच्या त्या लांबट सभागृहात होता, जिथे मागच्या तीन रांगांत काही ऐकू येत नाही आणि म्हणून सगळे तिथेच बसतात. विभागप्रमुख माझ्यावर वीस मिनिटं बोलले. एकतीस वर्षं अनौपचारिक तर्कशास्त्र शिकवलं, म्हणजे माणसं रोजच्या बोलण्यात विचार करताना कुठे घसरतात त्याचं शास्त्र. पाठ्यपुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. ‘चिकित्सक विचार’ हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा करवून घेतला. हा माणूस मला अकरा वर्षं पाण्यात पाहत होता. परवा त्याचा कंठ दाटून आला, आणि आश्चर्य म्हणजे तो खराच दाटला होता.

मग पाहुणे उठले. भाऊजींच्या त्या बॅटरीच्या सेलच्या कारखान्याचे तक्रार-अधिकारी. गुळगुळीत माणूस, बोलताना सारखा टाय सरळ करतो. म्हणाला, “मॅडमच्या प्रशिक्षणाआधी आम्ही दहातल्या चार तक्रारी मान्य करायचो. आता शंभरातल्या तीन.” टाळ्या पडल्या. ताई, मीसुद्धा वाजवल्या. सवयीनं हात उठले.

भेट म्हणून त्यानं जाड पुठ्ठ्याची एक बांधीव वही दिली. ‘आदर्श उत्तरे’. पाच वर्षांत निकाली काढलेल्या तक्रारी, आणि प्रत्येकीखाली माझ्या पुस्तकातल्या तर्कदोषांचे क्रमांक. तक्रारदारांची नावं खोडलेली. पान एक्केचाळीसवर भाऊजींचा अर्ज आहे, तू त्यांच्या वतीनं लिहिलेला. हात थरथरतात, पूड-खात्यात, म्हणजे सेलमध्ये पूड भरतात तिथे, गेल्यापासून थरथरतात, त्याच खात्यातल्या आणखी दोघांचेही थरथरतात. आणि खाली: ‘दोष सात, दोष चार, दोष अकरा. इतर कारणे वगळलेली नाहीत, उदा. मद्यपान. निकाली.’

हाच शेरा भाऊजींच्या नावासकट कारखान्याच्या फाटकावरच्या फळ्याला लागला होता. ज्या माणसानं कुणाच्या लग्नातसुद्धा आग्रहाखातर घोटभर घेतली नाही, त्याच्या नावापुढे.

भाचीकडून कळलं की तू फेरविचार समितीकडे अर्ज केला आहेस. अठरा फेब्रुवारीला सुनावणी, त्यानंतर जुन्या फायली कायमच्या बंद. बाकी काही मागितलं नाहीस, फक्त तो एक शब्द काढा म्हणालीस. तो शब्द त्या कागदावर कुणी घातला ते मी शोधून काढते. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

तुझी धाकटी

२३ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

सोमवारी त्या अधिकाऱ्याकडे गेले. तिसरा मजला, काचेची खोली. टेबलावर तीन ट्रे: ‘आलेल्या’, ‘तपासलेल्या’, ‘निकाली’. तिसरा ओसंडत होता. भिंतीवर माझ्या चौदा दोषांचा तक्ता, प्लास्टिकमध्ये मढवलेला. मला बसवून तो म्हणाला, “बघा मॅडम, आमचं काम कसं चालतं.” एका बाईचा कागद उचलला. तिनं लिहिलं होतं की खात्यात पंखा लावा, दोघी चक्कर येऊन पडल्या. त्यानं वाचता वाचता शेजारी ‘चार’ लिहिलं, म्हणजे ‘मोजक्या उदाहरणांवरून सरसकट विधान’, आणि कागद तिसऱ्या ट्रेमध्ये टाकला. “दीड मिनिट,” म्हणाला. शाबासकीची वाट बघत होता. दोघी पडल्या आहेत, तिसरी पडेपर्यंत थांबायचं का, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी म्हटलं, “अहो, तक्रार म्हणजे युक्तिवाद नव्हे. माणूस दुखतंय म्हणून सांगायला येतो. तो काही सिद्ध करायला बसलेला नसतो.”

त्यानं टाय सरळ केला. “पण मॅडम, असं पुस्तकात कुठे आहे?”

कुठेच नाही, ताई. होतं. पहिल्या दोन आवृत्त्यांत बारावं प्रकरण होतं. एखाद्याच्या बोलण्यात दोष सापडला म्हणून तो सांगतोय ती गोष्ट खोटी ठरत नाही, वाकडंतिकडं सांगितलेलं खरं असू शकतं, आणि दोष सापडला की खरं काम तिथून पुढे सुरू होतं, एवढंच सोळा पानांत सांगितलं होतं. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांचा फोन आला. “या प्रकरणावर परीक्षेत प्रश्न येत नाही. काढूया का?” मी म्हटलं काढा. एवढंच. फोनवर, पाच मिनिटांत. त्यानंतर सात आवृत्त्या निघाल्या आणि मला त्या प्रकरणाची एकदाही आठवण आली नाही.

आता विद्यापीठाच्या व्हरांड्यातून जाताना मुलांचं बोलणं ऐकते तेव्हा शिसारी येते. एक रडवेली होऊन काही सांगत असते आणि दुसरा म्हणतो, “हे भावनिक आवाहन झालं.” आणि स्वतःवर खूश होऊन हसतो. ही माझी पिलावळ. तू मला लहानपणी चिमटी म्हणायचीस, कुणी काही बोललं की मी त्यातलं चुकलेलं नेमकं चिमटीत धरून काढायची म्हणून. आई हसायची. कुणीतरी तेव्हाच एक ठेवून द्यायला हवी होती.

दारूच्या शब्दाबद्दल विचारलं. त्यानं कपाटातून मूळ कागद काढून दाखवला. त्यावर काय होतं ते पुढच्या पत्रात लिहीन. आज डोकं चढलंय.

धाकटी

३ फेब्रुवारी

ताई,

काल भाचीचा फोन आला. म्हणाली, “मावशी, आई तुझी पत्रं वाचते. वाचून झाली की साबण लावून हात धुते.” म्हणजे वाचतेस. बरं झालं. हात धुतेस तेही बरोबर आहे.

तिनं आणखीही सांगितलं. भाऊजी आता घराबाहेर पडत नाहीत. कप अर्धाच भरून द्यावा लागतो. मागे एकदा केस कापायला गेले तर शेजारच्या खुर्चीतला जुना सोबती पाठीवर थाप मारून म्हणाला, “आता तरी कमी कर की रे.” प्रेमानं म्हणाला तो. तेव्हापासून भाचीच घरी केस कापते.

आता मूळ कागदाचं सांगते. मी टाळत होते.

पाच वर्षांपूर्वी कारखान्यानं मला प्रशिक्षणाला बोलावलं. चाळीस अधिकारी, दोन दिवस. सरावासाठी खऱ्या तक्रारी द्या असं मीच म्हटलं होतं, बनवलेली उदाहरणं बेचव असतात म्हणून. त्यांनी नावं खोडून वीस तक्रारी दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक पडद्यावर घेतली आणि सगळ्यांसमोर तपासून दाखवली. “आधी हे, मग ते, म्हणून याच्यामुळेच ते. दोष सात.” हशा. “तिघांवरून सगळं खातं. दोष चार.” हशा. मग म्हटलं, दुसरी कारणं असू शकतात का हे नेहमी विचारायचं. आणि समासात लिहिलं, ‘इतर कारणे वगळलेली नाहीत, उदा. मद्यपान?’

अक्षर माझं आहे, ताई. लाल पेन्सिल माझी आहे. त्या अधिकाऱ्यानं फक्त शेवटचं प्रश्नचिन्ह गाळलं. बाकी जसंच्या तसं उतरवलं आणि फाटकावर लावलं.

कुणी लिहिलं ते शोधून काढते असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. सापडलं.

मला ठाऊक नव्हतं की तो अर्ज तुझा आहे. नावं खोडलेली होती.

धाकटी

५ फेब्रुवारी

ताई,

परवाच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. दोन दिवस ते घशात अडकलंय.

मला ठाऊक होतं. अर्जात एक ओळ होती: ‘सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.’ महिनाभर आधी मी तुझ्याकडे राहायला आले होते आणि ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पटकन स्वयंपाकघरात निघून गेले होते. पडद्यावर ती ओळ वाचली आणि मला सगळं कळलं. तुझी वाक्यं अशीच एकात एक गुंतलेली असतात, शाळेपासून.

थांबता आलं असतं. हा कागद बाजूला ठेवूया म्हटलं असतं तर कुणी कारणसुद्धा विचारलं नसतं. पण वर्ग रंगात आला होता. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मला तुझी लाज वाटली, हे खरं कारण आहे. माझ्या सख्ख्या बहिणीनं इतका ढिसाळ अर्ज लिहावा याची लाज. वर स्वतःला शाबासकी दिली, बघ, सख्ख्या माणसाचा कागद असूनही हात कापला नाही, याला म्हणतात निःपक्षपातीपणा. त्या शब्दाची आता किळस येते. बटणाच्या ओळीवर मी ‘दोष अकरा, भावनिक आवाहन’ लिहिलं आणि लोक हसले.

मग दुसरं कारण द्यायला उदाहरण हवं होतं. तोंडात पहिलं आलं ते लिहिलं, आणि आपणच लिहिलं हे नंतर सोयीनं विसरले. म्हातारपण लिहिता आलं असतं, एखादं औषध लिहिता आलं असतं. हात थरथरणारा कामगार म्हटल्यावर मला दारूच सुचली. जो माणूस माझ्या प्रत्येक परीक्षेच्या दिवशी सायकलवरून मला सोडायला आला, त्याच्याबद्दल.

आणि वर्षभरानं निकाल लागल्यावर तू आलीस. ते उत्तर घेऊन, पायऱ्या चढून, धापा टाकत. मी चष्मा लावून वाचलं आणि म्हटलं, “उत्तर तर्काला धरून आहे. तुझा अर्जच कच्चा होता, मी नीट लिहून देते.” तू म्हणालीस, “अर्जाचं राहू दे. ते पितात का, एवढं सांग.” मी म्हटलं, “ते पीत नाहीत हे तू सिद्ध कसं करणार?”

तू पिशवी उचललीस आणि गेलीस. चार वर्षं मी लोकांना सांगत आले की ताई जरा हळवी आहे.

अठरा तारखेला मी समितीपुढे येणार आहे. हे सगळं तिथे सांगणार. मला बाजूला बसवू नकोस असं म्हणायचा हक्क नाही मला. हवी तिथे बसव.

१९ फेब्रुवारी

ताई,

तू काल तिथे होतीसच, तरी लिहितेय. माझ्या बाजूनं ते कसं घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

समिती कारखान्याच्याच इमारतीत बसली होती. मी उभी राहिले आणि सांगितलं. शेरा माझा, त्याला आधार शून्य, अर्ज कुणाचा ते ठाऊक असून लिहिला. तू खाली बघत होतीस. भाऊजी खिडकीकडे, हात मांड्यांखाली दाबून. मला वाटलं, झालं. खरं बोललं की दगड उतरतो म्हणतात तसं काहीतरी होईल.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “मॅडम, आपण तक्रारदाराच्या मेहुणी लागता. शेऱ्याला आधार नव्हता हे मान्य. पण ते मद्यपान करत नव्हते याला तरी पुरावा काय?”

माझंच वाक्य, ताई. माझ्याच थंड सुरात. मी म्हटलं, “आरोप करणाऱ्यानं पुरावा द्यायचा असतो.” ते म्हणाले, “आरोप तर तुम्हीच केला होता.” बाकीचे दोन सदस्य हसले. तक्रार-अधिकारी पुढे झाला आणि मधाळ आवाजात म्हणाला की कंपनीनं तज्ज्ञांच्या सल्ल्यावर विश्वास ठेवला, तज्ज्ञच चुकल्या तर कंपनी काय करणार. लिहून आणलेलं असावं त्यानं. मी त्यांना हवं तेच नेऊन दिलं होतं.

मग अध्यक्ष तुझ्याकडे वळले. “बाई, यांना काही म्हणायचं आहे का?”

तू म्हणालीस, “ते इथेच बसलेत. त्यांना विचारा.”

आणि भाऊजी बसल्या जागेवरूनच बोलले. ते कसे बोलले ते मी विसरणार नाही म्हणून शब्दन् शब्द लिहून ठेवतेय.

“पूड-खात्यात आग लागायची भीती असते. म्हणून फाटकावर रोज प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेतात. तोंड उघडून ‘हा’ करायचं. वास आला तर परत पाठवतात आणि रजिस्टरात लाल खूण करतात. बारा वर्षं मी रोज तोंड उघडलं. एक लाल खूण दाखवा.”

अध्यक्षांनी विचारलं, “मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“कोणी विचारलं? घरी सांगायची लाज वाटायची, जनावरासारखं तोंड उघडून उभं राहतो म्हणून. आणि ज्यांनी बारा वर्षं माझ्या तोंडाचा वास घेतला, त्यांनीच तो कागद फळ्यावर लावला. मग बोलायचं कुणाशी?”

तू त्यांच्याकडे पाहिलंस. तुलाही हे माहीत नव्हतं, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं.

रजिस्टर खालीच होतं, दोन मजल्यांखाली, फाटकावर. अर्ध्या तासात आणलं. बारा वर्षांच्या जाड वह्या. अध्यक्ष पानं उलटत राहिले, मग उलटायचं थांबले. चार वर्षं मी, तो अधिकारी, माझा तक्ता, माझी एकतीस वर्षं, सगळे पुरावा पुरावा करत होतो आणि पुरावा फाटकावरच्या खणात पडून होता. तो कुठे आहे हे एका माणसाला ठाऊक होतं. त्याला सोडून आम्ही बाकी सगळं तपासलं.

निकाल तू वाचलाच असशील. ‘बाह्य तज्ज्ञांच्या निराधार टिपणीमुळे आलेला उल्लेख वगळण्यात येत आहे.’ शब्द गेला. निकाल त्याच फळ्यावर आठवडाभर लागेल. पण खालची ओळ वाचलीस का? ‘थरथरीचे कारण अनिश्चित.’ पूड स्वच्छ, कंपनी स्वच्छ, सगळी घाण माझ्या एकटीच्या अंगावर. माझ्या अंगावर येऊ दे, तिची जागा तीच आहे. पण पुडीला त्यांनी माझ्या आडून सोडवलं, याचा संताप होतोय. आणि ते खातं आजही सकाळी आठला सुरू झालं असेल.

जिन्यात तू माझ्यापाशी थांबलीस. मला वाटलं थोबाडीत मारशील, मारायला हवी होतीस. तू म्हणालीस, “तुझी पत्रं मी एकटी वाचत नाही. ते मला मोठ्यानं वाचायला लावतात. बटणाच्या जागी मी थांबले, तर म्हणाले, पुढे वाच.” आणि त्यांचा दंड धरून उतरून गेलीस.

२४ फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र ताईला नाही, तुम्हाला आहे. मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि कागद जाड घेतलाय, म्हणजे टेबलावर ठेवून तुम्हाला स्वतःला वाचता येईल. माझं लिहिलेलं तिच्या तोंडून वदवून घेणं ही तिला शिक्षा आहे. ती माझी आहे, तिला नको.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही मोठ्या मनानं देऊन टाकाल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाहीये.

तुम्ही अडतीस वर्षं माझे भाऊजी आहात. तुमच्या हातांबद्दल मी लोकांना शिकवलं, लोकांना हसवलं, समितीपुढे भाषण केलं. तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही. तुम्ही परवा दहा वाक्यं बोललात आणि चार वर्षांचा कागद फाटला. मग तुमच्याकडे आणखी काय काय असेल?

म्हणून विचारते. पूड कशातून यायची? पोत्यातून की पाइपातून? ती कोण ओतायचं, हवेत किती उडायची, तोंडाला काही बांधायला द्यायचे का? थरथर आधी कुठल्या बोटाला आली? त्या दोघांचं काय झालं? तुमच्या जागी आता कोण उभं राहतं?

ताईची हरकत नसेल तर मी येऊन बसेन आणि तुम्ही सांगाल तसं लिहून घेईन. मागेपुढे झालं तर झालं, उलटसुलट झालं तर उलटसुलट. ते घेऊन पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर जायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा.

आणि येऊ नकोस म्हणायचं असेल तर नुसतं ‘नाही’ एवढंच भाचीकडून कळवा. मी का म्हणून विचारणार नाही.

धाकटी